एकशेबारा विरुद्ध शून्य

खेळाच्या जगात विजयाचे आकडे जपून ठेवण्याची रीत आहे. पराभवाचे आकडे सहसा कोणी जपत नाही. हरलेला विसरू पाहतो आणि जिंकलेला पुढच्या विजयाकडे वळतो. परंतु जपानमध्ये एका शाळेच्या पराभवाचा आकडा आज पन्नास वर्षे लोकांच्या तोंडी आहे. क्योतो शहरात १९७५ सालच्या वसंत ऋतूत शाळकरी मुलांचा रग्बीचा एक सामना झाला. एका बाजूस हानाझोनो नावाची, या खेळात नावाजलेली शाळा होती. दुसऱ्या बाजूस फुशिमी येथील तांत्रिक विद्यालयाचा संघ होता. सामना संपला तेव्हा हानाझोनोचे गुण झाले होते ११२. फुशिमीच्या नावापुढे शून्य होते.

रग्बीची ओळख नसलेल्या श्रोत्यांस या आकड्याचा अर्थ एकदम ध्यानात यावयाचा नाही. लांबट चेंडू हातात घेऊन प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवला म्हणजे त्यास ‘ट्राय’ म्हणतात. त्या काळी त्याचे चार गुण मिळत, आणि त्यानंतर मिळणारी लाथ चेंडूला नीट बसून तो दोन खांबांच्या मधून व आडव्या दांडीवरून गेला तर आणखी दोन. सगळे गुण याच मार्गाने आले असे धरून हिशेब केला, तर ११२ गुणांसाठी निदान एकोणीस वेळा तरी प्रतिपक्षाने फुशिमीची रेषा ओलांडली असली पाहिजे. म्हणजे सुमारे तासाभराच्या खेळात दर तीन मिनिटांस एकदा! दर वेळी पंधरा मुलांनी मान खाली घालून आपल्या खांबांखाली उभे राहावयाचे, प्रतिपक्षाची लाथ पाहावयाची आणि पुन्हा मैदानाच्या मध्यावर जाऊन खेळ सुरू करावयाचा. अशा तासाभरात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या मनाचे काय होत असेल, याची कल्पना शाळेत शिकविणाऱ्या कोणासही करता येईल.

हा पराभव लक्षात राहिला तो पुढे जे घडले त्यामुळे. ते समजून घेण्यासाठी जपानमधील शाळकरी रग्बीच्या हंगामअखेरच्या मेळ्याची थोडी माहिती करून घेतली पाहिजे.

रग्बी हा इंग्लंडचा खेळ. जपानमध्ये तो १८९९ साली तोक्योच्या केइओ विद्यापीठात रुजला. एडवर्ड ब्रॅमवेल क्लार्क हे तेथील इंग्रजीचे अध्यापक आणि केंब्रिजहून शिकून आलेले तानाका गिन्नोसुके या दोघांनी विद्यार्थ्यांस तो शिकविला. १९१८ च्या जानेवारीत ओसाकाच्या मायनिची वृत्तपत्राच्या पुढाकाराने शालेय संघांची पहिली स्पर्धा भरली. वृत्तपत्राने लावलेले हे रोपटे पुढे वाढत वाढत साऱ्या देशाचे झाले. ओसाका शहराला लागून, इकोमा डोंगराच्या पायथ्याशी, १९२९ साली केवळ रग्बीसाठी म्हणून एक मोठे मैदान उघडण्यात आले. त्या भागाचे नावही योगायोगाने हानाझोनोच. या शब्दाचा अर्थ फुलबाग. १९६३ पासून ही स्पर्धा तेथेच भरते, आणि जपानी मुलांच्या तोंडी ‘हानाझोनोला जाणे’ या शब्दांना आपल्याकडील पंढरीला जाण्यासारखा अर्थ आला आहे. क्योतोमधील हानाझोनो शाळा वेगळी आणि ओसाकाजवळचे हे मैदान वेगळे, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

दरवर्षी डिसेंबरच्या २७ तारखेच्या सुमारास हा मेळा सुरू होतो आणि नववर्ष ओलांडून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपतो. देशाच्या प्रत्येक प्रांतातून एक, आणि मोठ्या प्रांतांतून दोन किंवा तीन, असे साधारणतः ५१ संघ येतात. आपल्या प्रांतात पहिला आल्यावाचून येथे प्रवेश नाही. जपानचे शालेय वर्ष मार्चमध्ये संपते. त्यामुळे शेवटच्या वर्गातील मुलांचा हा अखेरचा हंगाम असतो. येथे हरलेल्या संघास दुसरी संधी नाही. ज्या दिवशी हार, त्या दिवशी शेवटच्या वर्षाची मुले शाळेचा सदरा कायमचा उतरवितात आणि धाकट्यांच्या हाती संघ सोपवितात. म्हणूनच या मैदानावर जिंकणाऱ्यांच्या जयघोषाइतकेच हरणाऱ्यांचे अश्रूही दरवर्षी दिसतात, आणि पाहणाऱ्यांस त्यांचे नवल वाटत नाही.

या स्पर्धेची एक रीत तर विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. सामना बरोबरीत सुटला तर जादा वेळ खेळवीत नाहीत. कोणी किती वेळा रेषा ओलांडली ते प्रथम मोजतात. तेथेही बरोबरी असली, तर त्यानंतरच्या यशस्वी लाथा मोजतात. तरीही समसमान ठरले, तर दोन्ही कर्णधारांस बोलावून चिठ्ठ्या उचलावयास लावतात. ज्याच्या चिठ्ठीत पुढे जाण्याचा हक्क निघेल तो पुढे जातो. दुसरा सामना न हरताच घरी परततो. अंतिम सामना बरोबरीत सुटला तर मात्र चिठ्ठी नाही. दोन्ही शाळा अजिंक्य ठरतात. २०११ च्या जानेवारीत असेच झाले. हिगाशी फुकुओका आणि तोइन गाकुएन या शाळांचा अंतिम सामना ३१-३१ असा संपला आणि दोघींनीही विजयाचा मान वाटून घेतला. मुलांच्या अंगावर जादा वेळाचा भार टाकण्यापेक्षा दैवाचा कौल बरा, आणि अखेरच्या दिवशी तर तोही नको, हा यातील विचार आहे.

आता फुशिमीकडे वळू. क्योतोच्या दक्षिणेस असलेला हा भाग जपानी मद्याच्या जुन्या भट्ट्यांसाठी आणि इनारी देवस्थानासाठी प्रसिद्ध आहे. तेथील तांत्रिक विद्यालय १९७० नंतरच्या त्या वर्षांत निराळ्याच कारणाने गाजत होते. मारामाऱ्या, वर्गातून पळ काढणे, शिक्षकांस न जुमानणे, हे तेथे नित्याचे झाले होते. अन्यत्र प्रवेश न मिळालेली मुले येथे येतात, असे लोक म्हणत. मुलेही ते ऐकत असत. ज्या मुलास तू टाकाऊ आहेस असे रोज ऐकवले जाते, तो एके दिवशी ते खरे करून दाखवतो, हा अनुभव केवळ जपानचा नाही.

१९७४ साली या शाळेत यामागुची योशिहारु नावाचे व्यायामशिक्षक रुजू झाले. वय एकतीसच्या आसपास. जपानच्या राष्ट्रीय रग्बी संघातून ते खेळले होते. एवढा नामांकित खेळाडू शिक्षक म्हणून लाभला म्हणजे मुले आपोआप सुधारतील, असे वरिष्ठांस वाटले असल्यास नवल नाही. कदाचित शिक्षकासही तसे वाटले असेल. प्रत्यक्षात मुलांनी त्यांस मुळीच भीक घातली नाही. राष्ट्रीय संघाचा सदरा घातलेला माणूस आणि त्यांचे रोजचे जगणे यांत फार अंतर होते. पुढच्या वर्षी रग्बी संघाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. आणि थोड्याच दिवसांत हानाझोनो शाळेशी तो सामना झाला.

या सामन्याविषयी यामागुचींनी पुढे अनेक वर्षांनी जे सांगितले, ते कोणत्याही शिक्षकाने मनाशी जपून ठेवावे असे आहे. गुण चढत चालले तेव्हा आरंभी त्यांच्या मनात मुलांविषयी रागच होता. सांगितलेले ऐकत नाहीत, सरावास येत नाहीत, आता भोगा फळे, असा तो राग होता. परंतु आकडा वाढत गेला, मुले धापा टाकीत पुन्हा पुन्हा खांबांखाली येऊन उभी राहू लागली, तेव्हा त्या रागाची धार त्यांच्याकडेच वळली. या मुलांसाठी आपण केले तरी काय, असा प्रश्न त्यांस पडला. मी राष्ट्रीय खेळाडू, मी शिक्षक, मी मार्गदर्शक, या अभिमानातच आपण वावरत होतो, आणि ही मुले आपल्यादेखत एकटी पडली आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले. शून्य मुलांच्या नावापुढे लागले होते खरे; पण त्या शून्यात आपलाही वाटा आहे, हे त्या दिवशी शिक्षकाने ओळखले.

सामन्यानंतर त्यांनी मुलांस विचारले ते एवढेच, की या हरण्याचे तुम्हांस वाईट वाटते की नाही? तेव्हा ज्यांस कशाचेच काही वाटत नाही अशी ख्याती होती त्याच मुलांना रडू आवरेना, आणि हानाझोनोला हरवावयाचे आहे असे शब्द त्यांच्या तोंडून निघाले. शाळेच्या भिंतीआड ज्या मुलांनी कोणत्याही गोष्टीची इच्छा धरावयाचे सोडून दिले होते, त्यांस त्या पराभवाने प्रथमच एक इच्छा दिली. शिक्षणाचा आरंभ पुष्कळदा येथेच होतो. आणि ही इच्छा उपदेशाने उत्पन्न करता येत नाही, हीच शिक्षकाची मोठी अडचण असते.

बरोबर एका वर्षाने, १९७६ च्या वसंतात, क्योतो प्रांताच्या स्पर्धेत अंतिम सामन्यास हेच दोन संघ समोरासमोर आले. फुशिमीने हानाझोनोला १८-१२ असे हरविले.

ऐकणाऱ्यास हा चमत्कार वाटतो. तथापि चमत्कार म्हणून सोडून दिले तर त्यातील शिकण्याजोगे सारे हातचे जाते. एका वर्षात ११२ गुणांचे अंतर कसे तुटले? त्याचे एक उत्तर रोजच्या सरावात आहे, हे उघड आहे. परंतु दुसरे उत्तर या खेळाच्या रचनेतच सापडते. आपल्याकडील हुतूतूप्रमाणे रग्बीतही माणसाला अंगाने अडवावे लागते; दंडात बळ आणि छातीत हिंमत लागते. ज्या मुलांचे बळ रस्त्यावरच्या मारामारीत वाया जात होते, त्यांस येथे त्या बळाचे मोल मिळाले. मात्र नियमांच्या चौकटीत. खांद्याच्या वर पकडावयाचे नाही, चेंडू हाती नसलेल्यास हात लावावयाचा नाही, पंचाच्या शिटीपुढे बोलावयाचे नाही. जो मुलगा घरी कोणाचे ऐकत नाही, तो शिटी ऐकून थांबतो. कारण थांबला नाही तर त्याच्यामुळे चौदा सोबत्यांचे नुकसान होते. शिस्त ही वरून लादलेली राहिली नाही. ती सोबत्यांच्या ऋणातून आली.

शिवाय या खेळात सर्वांस जागा आहे. धिप्पाड मुलाने पुढच्या फळीत रेटा द्यावा, उंच मुलाने बाजूने फेकलेला चेंडू झेलावा, बुटक्या पण चपळ मुलाने घोळक्यातून चेंडू उचलून पुरवावा, वेगवान मुलाने कडेने धावावे. पंधरांतील एकही काम दुसऱ्यावाचून पुरे होत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही; तो नेहमी मागे किंवा बाजूसच द्यावा लागतो. म्हणजे पुढे जावयाचे तर मागून येणाऱ्यावर विश्वास टाकला पाहिजे. जो धावतो आहे त्यास मागचा दिसतही नाही; तो तेथे असेल एवढ्याच भरवशावर तो चेंडू सोडतो. ज्या मुलांचा घरावर, शाळेवर, मोठ्या माणसांवर विश्वास उरलेला नव्हता, त्यांस हा नियम रोज शंभर वेळा पाळावा लागला. पुस्तकातील धड्यापेक्षा हा धडा त्यांच्या अंगी अधिक मुरला असल्यास आश्चर्य नाही.

प्रांत जिंकणे निराळे आणि देश जिंकणे निराळे. फुशिमीस देशाचे अजिंक्यपद मिळावयास आणखी साडेचार वर्षे लागली. १९८१ च्या जानेवारीत हंगामअखेरच्या त्या मेळ्याचे साठावे वर्ष होते. त्या वर्षी फुशिमीचा कर्णधार होता हिराओ सेइजी. हा मुलगा गुंड नव्हता. उलट असामान्य बुद्धीचा खेळाडू म्हणून लहान वयातच त्याचे नाव झाले होते, आणि नामवंत शाळांची दारे त्यास उघडी होती. तरी तो फुशिमीत आला. पाच-सहा वर्षांपूर्वी जेथे कोणी नाइलाजानेच येत असे, त्या शाळेत असा मुलगा आपण होऊन आला, यातच शाळेचा किती पालट झाला होता ते दिसते.

अंतिम सामना ७ जानेवारी रोजी ओसाकाच्या तांत्रिक विद्यापीठाशी संलग्न असलेल्या शाळेबरोबर झाला. यजमान शहराचाच संघ. प्रेक्षकही बहुतांशी त्याचेच. सामना ३-३ असा अडून राहिला. दोन्ही बाजूंनी बचाव इतका चिवट होता, की आता संयुक्त अजिंक्यपद ठरणार असे वाटू लागले. वेळ संपत आली असता फुशिमीच्या बाजूने चेंडू हातोहात कडेपर्यंत गेला आणि कडेच्या धावपटूने तो कोपऱ्यात रेषेपलीकडे टेकवला. चार गुण. ७-३. ज्या शाळेवर एकदा ११२ गुण चढले होते, तिने देशातील शेवटचा सामना एकाच ट्रायच्या फरकाने जिंकला. पुढे त्या शाळेने आणखी तीनदा, १९९३, २००१ आणि २००६ सालच्या जानेवारीत, हाच मान मिळविला.

येथपर्यंतची कथा कोणासही आवडेल अशी आहे; आणि जपानला ती फारच आवडली. १९८४ च्या ऑक्टोबरपासून ‘स्कूल वॉर्स’ या नावाची मालिका दूरचित्रवाणीवर सुरू झाली. ती फुशिमीच्या वृत्तांतावर आधारलेली होती. ‘एक सर्वांसाठी, सर्व एकासाठी’ हे वाक्य तिच्यामुळे जपानमध्ये घरोघर गेले, आणि कित्येक मुले ती पाहून रग्बीकडे वळली. गंमत अशी, की मालिकेतील शाळा ११२ नव्हे, १०९ गुणांनी हरते. नाटकाने सत्याला तीन गुणांची सूट दिली!

परंतु याच मालिकेतील एका प्रसंगापाशी क्षणभर थांबले पाहिजे. त्या मोठ्या पराभवानंतर मालिकेतील शिक्षक रडत रडत एकेका मुलाच्या मुस्कटात मारतो, आणि मुलेही रडत तो मार घेतात. पाहणाऱ्यांचे डोळे पाणावले. तो प्रसंग वर्षानुवर्षे लोकांच्या स्मरणात राहिला, आणि त्यातून पुष्कळांनी असा बोध घेतला, की शिक्षकाच्या पोटात माया असली म्हणजे हातातला मारही औषधच होय. आपल्याकडेही छडीवाचून विद्या येत नाही अशी समजूत फार काळ होती. ती सर्वस्वी गेली आहे असे आजही म्हणवत नाही.

या बोधाची किंमत काय पडते, हेही जपाननेच पाहिले. तेथील १९४७ च्या शिक्षणविषयक कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षा करण्यास मनाई केलेली होती. तरी खेळाच्या मैदानावर ती मनाई पुष्कळदा कागदावरच राहिली. २०१२ च्या डिसेंबरात ओसाकातील एका शाळेच्या बास्केटबॉल संघाच्या कर्णधाराने, मार्गदर्शक शिक्षकाच्या वारंवार होणाऱ्या मारहाणीनंतर, आत्महत्या केली. त्या शिक्षकास पुढे न्यायालयाने दोषी ठरविले. सारा देश हादरला. २०१३ च्या एप्रिलमध्ये जपानच्या प्रमुख क्रीडासंस्थांनी एकत्र येऊन खेळातून हिंसा समूळ घालविण्याची जाहीर घोषणा केली. भारतातही २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलांस मारण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास बंदी केली आहे.

तेव्हा फुशिमीच्या कथेतून कोणता धागा उचलावयाचा, हा प्रश्न शिळोप्याचा नाही. त्यावर मुलांचे जीव अवलंबून असतात. त्या मुलांस मारामुळे पालट पडला, असे मानणाऱ्याने एवढेच पाहावे की त्यांना मार काही नवा नव्हता. घरात, रस्त्यावर, शाळेत त्यांनी तो पुष्कळ खाल्ला होता आणि दिलाही होता. मारानेच मुले सुधारत असती तर ती केव्हाच सुधारली असती. त्यांच्या आयुष्यात नवीन घडले ते निराळेच. एक मोठा माणूस त्यांच्या पराभवात स्वतःस वाटेकरी समजला. त्याने आपला मोठेपणा बाजूस ठेवून त्यांचे दुःख विचारले. आणि दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, वर्षभर तो मैदानावर येत राहिला. मालिकेत मुस्कटात मारणे एका क्षणात दाखविता येते. वर्षभर येत राहणे दाखविता येत नाही. म्हणून लोकांच्या लक्षात थप्पड राहिली. या शिक्षकांस जपानी लोक ‘रडवे गुरुजी’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात, हे येथे सांगितले पाहिजे. त्यांची प्रसिद्धी हात उगारण्यासाठी झाली नाही.

या शाळेतील मुलांचे पुढे काय झाले? हिराओ सेइजी विद्यापीठातून आणि नंतर कोबे पोलाद कारखान्याच्या संघातून खेळला. त्या संघाने लागोपाठ सात वर्षे जपानचे अजिंक्यपद मिळविले. सातवे अजिंक्यपद १९९५ च्या जानेवारीत मिळाले, आणि दोनच दिवसांनी कोबे शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. १९९१ च्या जागतिक स्पर्धेत जपानने झिम्बाब्वेला हरवून त्या स्पर्धेतील आपला पहिला विजय मिळविला, तेव्हा कर्णधार हिराओच होता. १९९७ साली तो राष्ट्रीय संघाचा मार्गदर्शक झाला. २०१६ च्या ऑक्टोबरात, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, आजाराने त्याचा अंत झाला. २०१९ साली जागतिक स्पर्धा जपानमध्ये भरली आणि हानाझोनोच्या मैदानावरही तिचे सामने झाले. ते पाहावयास तो नव्हता. दुसरा एक विद्यार्थी असा होता, की त्याच्या दांडगाईचे नाव शाळेत येण्यापूर्वीच क्योतोत गाजले होते. तो पुढे स्वतः शिक्षक झाला आणि दुसऱ्या एका शाळेत मुलांस रग्बी शिकवू लागला. देशाच्या अजिंक्यपदापेक्षा हे फळ लहान आहे असे कोण म्हणेल?

फुशिमीची ती शाळा त्या नावाने आता उरलेली नाही. २०१६ साली शहरातील दुसऱ्या एका तांत्रिक शाळेशी तिचे एकीकरण होऊन क्योतो कोगाकुइन या नावाची नवी शाळा निघाली. जुन्या खेळाडूंस वाईट वाटले. परंतु संघ टिकला, आणि २०२४ च्या डिसेंबरात नव्या नावाने तो पुन्हा हानाझोनोच्या मैदानावर उतरला. त्या मुलांनी १९७५ पाहिले नव्हते. त्यांच्या वडिलांपैकीही कित्येकांनी पाहिले नसेल. चेंडू मागे देत देत पुढे जावे, तसाच तो वारसा पिढ्यांतून आला होता.

श्रोतेहो, रग्बीचा सामना संपल्याची शिटी वाजली म्हणजे जपानी लोक आजही ‘नो साइड’ असे म्हणतात. हा मूळचा इंग्रजी शब्द इंग्लंडात मागे पडला, पण जपानने तो जिवापाड जपला. आता बाजू उरल्या नाहीत, हा त्याचा अर्थ. घटकेपूर्वी एकमेकांस जमिनीवर लोळविणारी मुले शिटीनंतर हात हाती घेतात, हरलेल्यांस उचलून उभे करतात आणि एकमेकांस वाकून नमस्कार करतात. या रिवाजात सौजन्य आहेच, पण एक हिशेबही आहे. त्या मेळ्यास ५१ संघ येतात आणि बहुधा त्यांतील ५० हरून परत जातात. म्हणजे हंगामअखेरचा हा उत्सव खरे पाहता हरणाऱ्यांचाच असतो, जिंकणारा एखादाच. शाळेचेही तसेच आहे. वर्गात पहिला एकच येतो. बाकीच्यांस शाळेने काय दिले, यावरच शाळेची परीक्षा व्हावयास हवी.

आपल्या गावोगावीही हिवाळ्यात शाळांचे क्रीडामहोत्सव भरतात. कबड्डीचे, खो-खोचे, फुटबॉलचे संघ मोठ्या उमेदीने जातात, आणि त्यांपैकी बहुतेक हरून संध्याकाळच्या गाडीने परत येतात. स्थानकावर जिंकलेल्यांसाठी हार-गुच्छ घेऊन माणसे उभी असतात. हरलेल्यांसाठी सहसा कोणी नसते. अशा वेळी एखाद्या शिक्षकाने किंवा पालकाने तेथे जावे. किती गुणांनी हरलात हे विचारू नये. ते मुलांस ठाऊक असतेच. वाईट वाटले का, एवढे विचारावे, आणि उत्तर ऐकून घेण्यापुरते थांबावे. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर आपणही हजर असू, हेही त्यांस सांगावे. आणि जे सांगितले ते करावे.